‘लाफ’मधला हरवलेला ख

एल, ए, यू, जी, एच, लाफ. लाफ म्हणजे हसणे. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये हे स्पेलिंग पिढ्यान्‌पिढ्या घोकून पाठ केले जाते, कारण घोकण्याशिवाय दुसरा इलाज दिसत नाही. शब्दात ‘फ’ ऐकू येतो, पण स्पेलिंगमध्ये ‘एफ’चा पत्ता नाही. जी आहे, एच आहे, पण त्यांचा ग किंवा घ कुठे ऐकू येत नाही. एखाद्या चौकस पोराने ‘असं का?’ म्हणून विचारलेच, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते: इंग्रजीचं असंच असतं, पाठ करून टाक.

हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. त्या जी-एचला कारण आहे, आणि ते हसण्याच्या आवाजातच दडलेले आहे. मराठी माणसाला ते समजायला तर फारच सोपे जाते, कारण आपण आजही ‘ख’नेच हसतो. खो खो हसतो, खदखदा हसतो, खळखळून हसतो. लहान मूल खुदुखुदु हसते, नको तिथे कोणी ख्या ख्या करून हसले तर आपल्याला राग येतो, आणि सुट्टीत जमलेली पोरे खिदळतात. हा ‘ख’ लक्षात ठेवा, कारण इंग्रजीच्या ‘लाफ’मध्ये एके काळी जवळजवळ हाच आवाज होता.

हजार वर्षांपूर्वीचे हसणे

साधारण पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये जी भाषा बोलली जात होती तिला जुनी इंग्रजी म्हणतात. यादवकाळातली मराठी आपल्याला थोडी अडखळत का होईना वाचता येते. जुनी इंग्रजी मात्र आजच्या इंग्रजाला शिकल्याशिवाय कळतच नाही. त्या भाषेत ‘हसणे’ या क्रियापदाची रूपे प्रदेशाप्रमाणे थोडी बदलत. त्यातले एक रूप होते ‘ह्लॅख़्ख़ान’.

इथे ‘ख’खाली टिंब दिले आहे ते मुद्दाम. हा ‘खडू’तला ख नव्हे. उर्दूतल्या ‘ख़बर’ किंवा ‘ख़्वाब’मध्ये घशाशी घासत येणारा जो ख़ असतो, तो हा. जुन्या हिंदी गाण्यांमुळे तो आपल्या कानांच्या ओळखीचा आहे. आणि सुरुवातीचा ‘ह्ल’ म्हणजे ‘प्रह्लाद’ हे नाव संस्कृत वळणाने म्हटले की ‘ल’च्या आधी जो श्वास सुटतो, तो. आता हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा: ह्लॅख़्ख़ान. आधी श्वास सुटतो, मग जीभ टाळूला लागते आणि मग घशात दोनदा घासले जाते. शब्द म्हणता म्हणता तोंडातून हसण्यासारखाच आवाज निघतो.

‘तो हसला’ याला त्या भाषेत ‘ह्लोख़’ म्हणत. हे रूप एका फार जुन्या कवितेत येते. ९९१ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याला, एसेक्समधल्या माल्डन गावाजवळ व्हायकिंग, म्हणजे उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेले लुटारू, आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचा सरदार होता बर्ख़्टनोथ. (त्याच्या नावातल्या ‘बर्ख़्ट’चा पुढे ‘ब्राइट’ झाला. त्यातही तोच जी-एच आहे.) कवितेत तो एका शत्रूला भाल्याने लोळवतो आणि कवी म्हणतो, ‘ह्लोख़ था’, तेव्हा तो हसला, आणि आजच्या दिवसाबद्दल त्याने देवाचे आभार मानले. लगेच पुढे त्यालाही भाला लागतो आणि थोड्या वेळात तो मारला जातो. इथले हसणे विनोदाचे नाही. रणात जिंकल्याच्या क्षणी छातीतून जी आरोळी निघते, तिच्या जवळचे ते आहे.

‘लाफ्टर’ हे नामही तेव्हापासूनचे. त्याचे जुने रूप ‘ह्लेअख़्तॉर’. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात थंडीच्या दिवसांत समुद्रावर एकट्याने भटकणाऱ्या खलाशाची कविता आहे. तो सांगतो, माझी करमणूक म्हणजे समुद्रपक्ष्यांचे ओरडणे. माणसांच्या हसण्याच्या जागी मला किनाऱ्यावरच्या लांब चोचीच्या पक्ष्याची शीळ ऐकू येते, आणि मेजवानीतल्या मद्याच्या जागी पाणपक्ष्याचे गाणे. ‘माणसांचे हसणे’ हे दोन शब्द त्या ओळीत आले की हा माणूस काय मागे सोडून आला आहे ते कळते: उबदार दिवाणखाना, भरलेले पेले, सोबत. त्या काळच्या काव्यात ‘ह्लेअख़्तॉर’चा हाच मुख्य अर्थ दिसतो. बेओवुल्फ या महाकाव्यात राजाच्या दालनात वीरांचे हसणे उठते तेव्हा हाच शब्द येतो. शेवटी राजा मरतो तेव्हा निरोप आणणारा सांगतो की आपल्या सेनानायकाने हसणे, खेळ आणि गाणे-आनंद खाली ठेवला. मेला असे न म्हणता हसणे खाली ठेवले असे म्हणणे मला फार मोठे वाटते.

त्याच काळातली आणखी एक नोंद सांगायलाच हवी. एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासी विद्वानाने इ.स. १०००च्या सुमारास मुलांसाठी लॅटिनचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. केवलप्रयोगी अव्ययांबद्दल, म्हणजे अरेरे, अबब यांसारख्या उद्गारांबद्दल लिहिताना तो सांगतो की ‘हाहा’ आणि ‘हेहे’ हे लॅटिनमध्येही हसणे दाखवतात आणि इंग्रजीतही. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आपण जे टाइप करतो ते हजार वर्षांपूर्वी एका व्याकरणाच्या पुस्तकात नोंदले गेले होते.

हसण्यात ह आणि ख का?

हसताना शरीरात काय होते ते पाहिले तर याचे उत्तर मिळते. बोलताना आपण एक श्वास घेतो आणि तो हळूहळू सोडत त्यावर वाक्य पेलतो. हसताना तोच बाहेर जाणारा श्वास तुकड्यातुकड्यांनी फेकला जातो. छातीचे आणि पोटाचे स्नायू झटके देतात आणि प्रत्येक झटक्याला एक ‘हा’ बाहेर पडतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हसण्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. त्याला आढळले की एक ‘हा’ साधारण ७५ मिलिसेकंद टिकतो आणि दर २१० मिलिसेकंदांनी पुढचा येतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच. हसून हसून दम लागतो आणि पोट दुखते ते यामुळेच. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेल्या लाफ्टर क्लबमध्ये ‘हो हो, हा हा हा’ म्हणत जो व्यायाम घेतात, तो याच झटक्यांवर उभा आहे.

उघड्या घशातून जोराने हवा सुटली की ‘ह’ होतो. घसा थोडा आवळला की त्याच हवेचा ‘ख़’ होतो. म्हणून जगात एकमेकींपासून दूर असलेल्या भाषांमध्येही हसण्याच्या शब्दांत हे दोन आवाज पुन्हा पुन्हा भेटतात. रशियन माणूस खो खो हसतो त्याला ‘खोखोतात्य’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘काखाझेइन’ होते. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘हस्’ तर आहेच, शिवाय ‘कख’ असाही एक धातू आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे हसणे. ‘लाफ’चे मूळ याच प्रकारचे, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे मानले जाते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ‘हसणे’मध्ये ह आहे, ‘ह्लॅख़्ख़ान’मध्येही ह आहे, तेव्हा दोन्ही शब्द सख्खे असतील असे वाटते. तसे नाही. संस्कृत आणि इंग्रजी या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा आहेत हे खरे, पण जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या फांदीवर आहेत तिथे, जुन्या ‘क’चा पद्धतशीरपणे ‘ह’ झाला. याकोब ग्रिमने, परीकथा गोळा करणाऱ्या त्या दोन भावांपैकी थोरल्याने, हा नियम १८२२ साली मांडला. संस्कृतात ‘कः’ म्हणजे कोण, त्याच्या जागी जुन्या इंग्रजीत ‘ह्वा’, म्हणजे आजचा ‘हू’. म्हणजे ‘लाफ’चा ह मुळात क होता, आणि आपल्या ‘हस्’चा ह वेगळ्याच वाटेने आलेला आहे.

‘ह्ल’ने सुरू होणाऱ्या इतर शब्दांत मात्र आपले नातलग सापडतात. ‘लाउड’, म्हणजे मोठा आवाज, हा पूर्वी ‘ह्लूद’ होता आणि त्याचे संस्कृत भावंड आहे ‘श्रुत’, ऐकलेले. ‘लिसन’ही ‘ह्ल’चाच आणि तोही ‘श्रु’च्या घरातला. पुढे इंग्रजांनी शब्दाच्या सुरुवातीचा हा ह सरसकट सोडून दिला. ‘ह्लाफ’, म्हणजे पाव, त्याचा ‘लोफ’ झाला. ‘ह्लाफवेअर्द’, म्हणजे पाव राखणारा, घरधनी, तो आकसत आकसत ‘लॉर्ड’ झाला. त्याच लाटेत हसण्याचा पहिला श्वास गेला.

मागचा श्वास कसा गेला

राहिला शेवटचा ख़. त्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि स्पेलिंगचे कोडे तिथेच सुटते.

जुन्या इंग्रजीत हा आवाज नुसत्या ‘एच’ने लिहीत. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या शतकांत लिखाण फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती गेले. फ्रेंचमध्ये हा ख़ नव्हता. एच हे अक्षर फ्रेंच शब्दांत बहुधा मुकेच असे. मग इंग्रजांच्या घशातला हा दणदणीत आवाज लिहायचा कसा? वेगवेगळ्या खुणा वापरून पाहिल्यानंतर जी-एच ही जोडी रुळली. म्हणजे जी-एच ही चूक नव्हती. ‘इथे घसा घासा’ अशी ती वाचकाला दिलेली स्पष्ट सूचना होती.

ही सूचना इंग्रजीत कुठे कुठे आहे ते पाहिले तर मौज वाटते. ‘नाइट’, म्हणजे रात्र, तिच्यात जी-एच आहे. जर्मनमध्ये तीच रात्र ‘नाख़्ट’, लॅटिनमध्ये ‘नॉक्स’ आणि संस्कृतात ‘नक्त’. ‘एट’मध्ये जी-एच आहे. जर्मनमध्ये ‘आख़्ट’, लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’, संस्कृतात ‘अष्ट’ आणि आपल्याकडे आठ. ‘डॉटर’मध्ये आहे. जर्मनमध्ये ती ‘टोख़्टर’ आणि संस्कृतात ‘दुहिता’. इंग्रजी बोलताना ज्या जागी आज काहीच ऐकू येत नाही, तिथे जर्मन माणूस अजून ख़ म्हणतो आणि संस्कृत-लॅटिनमध्ये कुठे क, कुठे ष, कुठे ह सापडतो. मुलांना हे शब्द शिकवताना एवढे जरी सांगितले तरी जी-एच मुका राहत नाही, आणि ते सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना उभारला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठू लागले. पण नेमक्या त्याच काळात, पंधराव्या ते सतराव्या शतकात, बोलण्यातला ख़ विरत चालला होता. हात जुने लिहीत राहिला आणि जीभ पुढे निघून गेली. बहुतेक शब्दांत ख़ नुसताच नाहीसा झाला: नाइट, लाइट, डॉटर, थ्रू. पण काही शब्दांत तो नाहीसा न होता त्याचा फ झाला: लाफ, कफ म्हणजे खोकला, रफ, टफ, इनफ.

ख़चा फ कसा होईल? घसा कुठे आणि ओठ कुठे! करून पाहिले की लक्षात येते. तेव्हा या शब्दाचा उच्चार साधारण ‘लाउख़’ असा होता. ‘लाउ’ म्हणताना शेवटी ओठ गोल होतात. ओठ तसेच गोल ठेवून ख़ म्हणा. हवा घशात घासते आणि गोल केलेल्या ओठांमधूनही फुंकरीसारखी निघते. ऐकणाऱ्याला, विशेषतः बोलायला शिकणाऱ्या मुलाला, ही घासणी नेमकी कुठली हे कळत नाही. एका पिढीने घशातून काढलेला आवाज पुढच्या पिढीने ओठातला म्हणून उचलला. दोन्ही आवाज कानाला किती जवळचे आहेत याचा पुरावा डचमध्ये उलट दिशेने मिळतो. जर्मनमध्ये हवेला ‘लुफ्ट’ म्हणतात, डचमध्ये ‘लुख़्ट’. जर्मन ‘क्राफ्ट’, म्हणजे शक्ती, डचमध्ये ‘क्राख़्ट’. तिथे फ घशात गेला, इकडे ख़ ओठांवर आला.

असे बदल आपल्याकडेही चालूच असतात. मराठीचा फ मुळात ‘प’ला श्वास जोडून होणारा, दोन्ही ओठ मिटून उघडणारा. आज शहरातल्या कितीतरी लोकांच्या तोंडी ‘फळ’ आणि ‘फूल’ दात ओठाला टेकवून, इंग्रजी ‘एफ’सारखे येते. कोणी ठरवून केलेले नाही, आणि लिहिताना अक्षर तेच आहे.

मग ‘लाफ्टर’ आणि ‘डॉटर’ यांची स्पेलिंग एका अक्षराखेरीज सारखी असूनही एकात फ आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे का? कारण इंग्लंडमध्ये एकच इंग्रजी नव्हती. काही भागांत ख़ गळत होता, काही भागांत त्याचा फ होत होता. एकच शब्द दोन्ही प्रकारे बोलला जाई. पुढे लंडनच्या प्रमाण भाषेत एक शब्द या बोलीचा आला, दुसरा त्या बोलीचा. ‘डो’, म्हणजे कणीक, यातला जी-एच मुका आहे. पण उत्तरेकडच्या बोलीत त्याचाच ‘डफ’ झाला, आणि उकडलेल्या गोड पदार्थांच्या नावांत तो ‘डफ’ आजही आहे. मुलीला ‘डाफ्टर’ म्हणणारेही लोक होते. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये विदूषकाच्या एका कवनात ‘डॉटर’, ‘स्लॉटर’ आणि ‘आफ्टर’ हे शब्द यमकाला एकापाठोपाठ येतात. ते तेव्हाच्या कानांना कसे जुळत असतील यावर अभ्यासक आजही खल करतात.

जी-एच मुका झाल्यावर लोक तो नसलेल्या ठिकाणीही घालू लागले. ‘डिलाइट’ हा शब्द फ्रेंचमधून आला, त्यात कधीच ख़ नव्हता. पण ‘लाइट’शी यमक जुळते म्हणून सोळाव्या शतकात त्यालाही जी-एच चिकटवला गेला.

सुधारणा कोणी सुचवलीच नाही असेही नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने, ज्याच्या नावाचा शब्दकोश जगभर चालतो त्यानेच, १७८९ साली एका निबंधात सुचवले की ‘लाफ’ सरळ एल-ए-एफ असा लिहावा, ‘टफ’ टी-यू-एफ असा, ‘डॉटर’मधला जी-एच काढावा. ‘ड्राफ्ट’ आणि ‘प्लाउ’ यांची सोपी रूपे अमेरिकेत रुजली. ‘लाफ’चे रूप मात्र लोकांनी घेतले नाही.

ख़ पूर्ण मेला असे मात्र समजू नका. स्कॉटलंडच्या स्कॉट्स बोलीत हसण्याला अजून ‘लाख़’ म्हणतात. जर्मन आणि डच या दोन्हींत ‘लाख़न’सारखा उच्चार आहे. आणि पुढचा ह? तो आइसलँडच्या भाषेत शाबूत आहे. तिथे हसणे म्हणजे ‘ह्लाइया’. एका भाषेने सुरुवातीचा श्वास जपला, दुसऱ्यांनी शेवटचा. इंग्रजीने दोन्ही घालवले, आणि फक्त लिखाणात शेवटच्या श्वासाची खूण ठेवली.

नवे आवाज

‘लाफ’ म्हणताना आता हसल्यासारखे वाटत नाही. तो शब्द सभ्य, नीटनेटका झाला आहे. आवाज गेला की भाषा गप्प बसत नाही, ती दुसरे आवाज शोधते. इंग्रजी कवी चॉसर चौदाव्या शतकाच्या अखेरीला लिहीत होता. तो क्रियापद म्हणून जुनेच ‘लाउख़’ घराण्यातले रूप वापरतो, पण एका खट्याळ बाईने खिडकी लावून घेताना केलेले हसणे दाखवायचे तेव्हा तो सरळ ‘टी-ही’ असे लिहितो. सोळाव्या शतकात ‘गिगल’ आला, म्हणजे आपले फिदीफिदी किंवा खिदळणे. त्याच शतकाच्या अखेरीला ‘चकल’ आला, कोंबडीच्या ‘कुक्‌कुक्‌’ आवाजावरून. तोंडातल्या तोंडात, स्वतःशीच हसणे. ‘टिटर’ सतराव्या शतकातला, दाबून दाबून फुटणारे हसू. ‘गफॉ’ अठराव्या शतकात स्कॉटलंडमधून आला, तो आपला सातमजली हास्याचा गडगडाट. हे सगळे नक्कल करून बनलेले शब्द आहेत.

‘चॉर्टल’ या शब्दाची जन्मतारीखच माहीत आहे. लुइस कॅरलने १८७१ साली आलेल्या अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात एका अर्थहीन शब्दांच्या कवितेसाठी तो घडवला. ‘चकल’ आणि ‘स्नॉर्ट’, म्हणजे नाकातून फुसकारणे, हे दोन एकमेकांत मिसळून. कवितेतल्या बापाला आनंद आवरत नाही तेव्हा तो असा हसतो. त्या कवितेतले बहुतेक शब्द कवितेतच राहिले. हा मात्र रोजच्या इंग्रजीत आला, कारण तसे हसणारी माणसे आधीपासून होती, त्यांना शब्द नव्हता.

विसाव्या शतकाच्या अखेरीला संगणकावर गप्पा सुरू झाल्या, तेव्हा ‘लाफिंग आउट लाउड’ची आद्याक्षरे घेऊन ‘लोल’ झाला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो २०११ साली नोंदला गेला. त्यात एल आहे तो ‘ह्लॅख़्ख़ान’चाच, आणि दुसरा एल ‘ह्लूद’चा. डच भाषेत ‘लोल’ हा आधीपासूनच एक साधा शब्द होता आणि त्याचा अर्थ मजा असा होतो. हा निव्वळ योगायोग.

कोणाला हसायचे, कोणाबरोबर

अर्थाच्या बाबतीत ‘लाफ’ फारसा हललेला नाही. आनंदाने हसणे आणि टिंगल करणे, हे दोन्ही जुन्या इंग्रजीतही त्यात होते. आज मागे येणारा छोटा शब्द फरक सांगतो: ‘लाफ अ‍ॅट’ म्हणजे कोणाला हसणे, ‘लाफ विथ’ म्हणजे बरोबर हसणे. मराठीत हे काम विभक्ती करते. ‘लोक मला हसतील’ यातल्या ‘ला’ने कितीतरी जणांना आयुष्यात पाऊल उचलू दिलेले नाही. शिवाय आपल्याकडे नामही दोन आहेत. हसू येते ते वेगळे आणि हसे होते ते वेगळे. इंग्रजीला दुसऱ्यासाठी ‘लाफिंग स्टॉक’ असा जोडशब्द करावा लागला. एका मात्रेने होणारा हा भेद मला मराठीचे वैभव वाटतो.

हसण्याच्या पायऱ्या आपल्या परंपरेने फार बारकाईने पाहिल्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिल्यात दात दिसत नाहीत, शेवटच्यात डोळ्यांत पाणी येते आणि माणूस कुशी धरून हसतो.

यातले ‘स्मित’ इथे महत्त्वाचे, कारण ‘लाफ’ला संस्कृतात सख्खे भावंड नसले तरी ‘स्माइल’ला आहे. ‘स्माइल’ साधारण १३००च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागतो, बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला. त्याच्या आधी मंद हसण्यासाठी जुन्या इंग्रजीत जो शब्द होता, तो नव्या शब्दाने बाजूला सारला आणि पुढे ‘स्मर्क’ म्हणून कुत्सित हसण्यापुरता उरला. ‘स्माइल’, ‘स्मर्क’ आणि आपला ‘स्मि’ हा धातू, स्मयते, स्मित, स्मेर, सगळे एकाच मुळाचे आहेत. स्मितहास्य हा शब्द मराठीत कोणालाही परका वाटत नाही, आणि तो ‘स्माइल’चा भाऊ आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पण मला त्याहून जास्त आवडते ते या मुळाचे दुसरे टोक. संस्कृतात ‘स्मि’ला ‘वि’ लागला की ‘विस्मय’ होतो, म्हणजे नवल. लॅटिनमध्येही असेच झाले. ‘स्मेर’शी जुळणारा तिथला शब्द ‘मिरुस’, सुरुवातीचा स गळालेला, आणि त्याचा अर्थ झाला अद्‌भुत. त्यापासून ‘मिराक्युलुम’, म्हणजे इंग्रजीतले ‘मिरॅकल’, चमत्कार. ‘अ‍ॅडमायर’ तिथलाच. नवल वाटले की माणसाचे ओठ थोडे उघडतात आणि चेहरा फुलतो, म्हणून दोन दूरच्या भाषांनी हसू आणि आश्चर्य एकाच धातूत ठेवले असावे. लॅटिनमध्ये ‘मिरारी’ म्हणजे नवलाने पाहणे. उतरत्या काळात त्याचा अर्थ नुसते पाहणे एवढाच राहिला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये ज्यात पाहायचे त्या वस्तूला त्यावरूनच नाव मिळाले. इंग्रजीने ते उचलले: ‘मिरर’, म्हणजे आरसा.